चाकाच्या साखळीसाठी गटाचं कर्ज

शेतातून आला असाल, चुलीपुढं बसला असाल, नाहीतर हळद निवडता निवडता ऐकत असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडं द्या.

आज आम्ही एका लोखंडी वस्तूबद्दल बोलणार आहोत. ही वस्तू आपल्या हिंगोली जिल्ह्यात कुणाच्या कामाची नाही. आपल्याकडं बर्फ पडत नाही. फार तर पौषात पहाटे शेकोटी करावी लागते आणि कयाधूच्या काठानं धुकं दिसतं. तरी आमच्या गटानं या वस्तूसाठी कर्ज दिलं. त्यावरून बैठकीत भांडण झालं, दोघीजणी महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटी त्या कर्जाचा पै न पै परत आला. ही वस्तू म्हणजे बर्फात ट्रकच्या चाकाला घालायची साखळी.

तुम्ही म्हणाल, हिंगोलीच्या बाईला बर्फाचं काय? तर ऐका.

आपली हळद कुठं कुठं जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. वसमतच्या आणि हिंगोलीच्या बाजारातून भरलेले ट्रक थेट दिल्लीपर्यंत जातात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हळद शिजवताना, वाळवताना, पॉलिश करताना बायांचे हात पिवळे होतात. पण ती हळद ज्या गाडीतून जाते त्या गाडीचा विचार आपण करत नाही. आमच्या गटात मात्र गाडीवाल्या घरच्या तिघी आहेत. कुणाचे मालक गाडी चालवतात, कुणाचा दीर, कुणाचा मुलगा. गाडी हप्त्यावर घेतलेली असते. ती उभी राहिली तरी हप्ता काही उभा राहत नाही.

आता गाडी दिल्लीला हळद उतरवते. रिकामी परत आणायची म्हणजे डिझेल घरचं. म्हणून ड्रायव्हर परतीचा माल शोधतो. तिथं कुणीतरी म्हणतं, श्रीनगरचा माल आहे, भाडं चांगलं आहे, आणि तिकडून येताना सफरचंद मिळतील. अर्ध्या तासात फोनवर ठरतं आणि गाडी निघते. हिंगोलीहून निघताना काश्मीर कुणाच्या मनातही नसतं. आमच्या ताईंच्या बाबतीत असंच झालं. त्यांना आम्ही इथं गाडीवाल्या ताई म्हणू.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना. ताईंचे मालक गाडीवर होते, सोबत क्लीनर म्हणून त्यांचा धाकटा दीर. श्रीनगरला माल उतरला, तिकडच्या शीतगृहातून सफरचंदाच्या पेट्या भरल्या आणि परतीला लागले. काझीगुंडच्या अलीकडं बर्फ सुरू झाला. पोलिसांनी सांगितलं, चाकाला साखळी असेल त्यानंच पुढं जायचं. यांच्याकडं साखळी नव्हती. रस्त्याच्या कडेला भाड्यानं साखळ्या मिळत होत्या. गर्दी एवढी की माप कोण बघतो! जी हातात आली ती घातली. अंधारात, उघड्या हातांनी.

दोनेक किलोमीटर गेल्यावर ती ढिली साखळी तुटली. तुटलेला तुकडा चाकासोबत गरगर फिरला आणि त्यानं ब्रेकचा हवेचा पाइप फाडला. नशीब बलवत्तर, गाडी चढावर जागेवरच थांबली. उतारावर असती तर आज आम्ही ही गोष्ट अशी सांगितली नसती. मेकॅनिक यायला, पाइप बदलायला आणि रस्ता मोकळा व्हायला चार दिवस गेले. पेट्यांमधली बरीच सफरचंदं गारठून खराब झाली. व्यापाऱ्यानं भाड्यातून पैसे कापले. दिराच्या बोटांना थंड लोखंडानं फोड आले. त्या महिन्याचा गाडीचा हप्ता थकला, आणि त्या पाठोपाठ ताईंचा गटाचा हप्ताही थकला.

इथं आमचा संबंध आला. बैठकीत हप्ता का थकला हे विचारायला आम्ही ताईंच्या घरी गेलो. आम्हाला वाटलं होतं, नेहमीचंच काहीतरी असेल. आजारपण, नाहीतर लग्न. ताईंनी तुटलेल्या साखळीचा तुकडा पुढं ठेवला. दिरानं तो गाडीतून आणला होता. म्हणाल्या, "याच्यामुळं."

आम्ही कुणीच तशी वस्तू कधी पाहिली नव्हती. गुरांच्या साखळीसारखी, पण जाड.

त्यानंतर त्या वर्षी भाद्रपदात ताईंनी गटाकडं कर्जाचा अर्ज दिला. आठ हजार रुपये. कारण लिहिलं, चाकाची साखळी.

बैठकीत गोंधळ झाला. शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, बियाण्याला देतो, दवाखान्याला देतो. लोखंडाच्या साखळीला? आमच्यातल्या एका मावशी सरळ बोलल्या, "आज साखळी, उद्या टायर, परवा डिझेल. गट बायांचा हाय का गाडीचा?" प्रश्न खोटा नव्हता. दर आठवड्याला पोटाला चिमटा घेऊन टाकलेला तो पैसा आहे. दुसरी म्हणाली, वर्षातून एखादी फेरी तिकडं होणार, तेवढ्यासाठी आठ हजार? तिसरी म्हणाली, तिकडं जाऊच नका, संपलं!

मग आम्ही वहीत हिशेब मांडला. एका बाजूला साखळीचे आठ हजार. दुसऱ्या बाजूला मागच्या जानेवारीत गेलेले पैसे: कापलेलं भाडं, मेकॅनिक, चार दिवसांचं खाणंपिणं, थकलेल्या हप्त्यावरचा दंड. दुसरी बाजू पहिलीच्या चौपटीहून जास्त निघाली. जिवाची किंमत त्यात धरलीच नव्हती. "तिकडं जाऊच नका" यावर ताई एवढंच म्हणाल्या, "हिवाळ्यात भाडं कुठं मिळतं ते मी ठरवत न्हाई, मावशी."

ठराव झाला, पण तीन अटींवर. पहिली अट, साखळी दसऱ्याच्या आधी घ्यायची. दुसरी अट, बिल गटाला दाखवायचं आणि त्यावर माप लिहिलेलं पाहिजे. तिसरी अट मावशींनीच घातली: ती साखळी चाकाला घालता येते हे गटाच्या समोर करून दाखवायचं. नाहीतर आठ हजार पोत्यात पडून राहतील.

या तीन अटींमधून आम्ही काय शिकलो ते आता क्रमानं सांगतो. तुमच्या घरात, भावकीत, माहेरी कुणी लांबच्या गाडीवर असेल तर हे नीट ऐका.

पहिली गोष्ट, वेळ. आपल्याला वाटतं, बर्फ म्हणजे पौष-माघातली गोष्ट. काश्मीरमध्ये सगळ्यात कडक थंडीचे चाळीस दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात. त्या दिवसांना ते लोक चिल्लई कलां म्हणतात. पण बर्फ त्या तारखेची वाट बघत नाही. २०१८ साली तिथं ३ नोव्हेंबरला जोराचा बर्फ पडला. त्या वर्षी आपलं लक्ष्मीपूजनही झालं नव्हतं! झाडांवर सफरचंदं असतानाच फांद्या मोडल्या. पुढच्या वर्षी ७ नोव्हेंबरला पुन्हा तसंच झालं. म्हणून "दिवाळीनंतर बघू" हे इथं चालत नाही. आम्ही दसरा धरला, कारण तो लक्षात राहतो. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, लिंबू बांधतो. त्याच दिवशी साखळी बाहेर काढायची, कडी न् कडी बघायची, आणि मग पूजेला ठेवायची.

दुसरी गोष्ट, माप. मैत्रिणींनो, हे बांगडीसारखं आहे. कासाराकडं आपण हात पुढं करतो आणि तो मापाची बांगडी काढतो. मोठी झाली तर हातातून गळते, लहान झाली तर चढत नाही. साखळीचंही तसंच. टायरच्या बाजूवर आकडे कोरलेले असतात. ताईंच्या गाडीवर १०.०० आर २० असं लिहिलेलं आहे. दुसऱ्या गाडीवर २९५/९० आर २० असं असू शकतं. हे आकडे जसेच्या तसे वहीत उतरवा, मोबाइलवर टायरचा फोटो काढा आणि दुकानात तो दाखवा. "ट्रकची साखळी द्या" एवढं सांगून घेऊ नका. "सगळ्याला बसते" असं दुकानदार म्हणाला तर जास्तच विचारा.

बिलावर माप लिहून घ्या, आणि माप बसलं नाही तर बदलून मिळेल हेही लिहून घ्या. पहिली साखळी ताईंच्या मालकांनी एका ठिकाणाहून स्वस्त म्हणून आणली. ती एका कडीनं आखूड निघाली. बिल नव्हतं, म्हणून बदलून मिळेना. ते दीड हजार गेले ते गेलेच. ते गटाच्या पैशातले नव्हते, पण घरातलेच होते ना! दुसऱ्या वेळी दिल्लीच्या फेरीत, ट्रान्सपोर्ट नगरातल्या दुकानासमोर गाडी उभी करून, चाकाला लावून बघून घेतली. मोठ्या मालवाहतुकीच्या गावात असं करता येतं. जम्मूजवळ नरवालला असंच ट्रान्सपोर्ट नगर आहे. पण तिथपर्यंत थांबू नका. बर्फ पडल्यावर तिथं गर्दी होते, आणि घाईत माप चुकतं.

तिसरी गोष्ट, साखळीचा प्रकार. एक साखळी शिडीसारखी असते. दोन बाजूंनी लांब साखळ्या आणि मधे आडव्या पायऱ्या. दुसरी शंकरपाळ्यासारखी, तिरक्या चौकटींची जाळी. शिडीची स्वस्त असते आणि दुरुस्तीला सोपी. शंकरपाळ्याची जाळी टायरला सतत टेकून राहते, म्हणून हादरे कमी बसतात आणि गाडी बाजूला कमी घसरते. पण महाग आणि वजनदार. ताईंनी शिडीची घेतली, जाड कड्यांची. कड्यांचे जोड बघा, भेगा बघा, आकडे ताठ आहेत का बघा. आणि एक सांगून ठेवतो: गुरांची साखळी, विहिरीची साखळी किंवा दोरखंड चाकाला गुंडाळून काम होत नाही. आमच्याकडं एकानं तसं सुचवलं होतं. ट्रकच्या वजनाखाली ते तुटतं, आणि तुटलेला तुकडा काय करतो ते तुम्ही ऐकलंच.

चौथी गोष्ट, कोणत्या चाकाला? साखळी नेहमी जोडीनं घ्यायची, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना. ज्या एक्सलला इंजिनाची ताकद जाते त्याच चाकांना ती घालायची. सहा चाकी ट्रकला ती मागची चाकं. दहा चाकी किंवा त्याहून मोठ्या गाडीला मागं दोन-तीन एक्सल असतात आणि त्यातला एखादा नुसताच वजन उचलतो. त्याला साखळी घातली तर चाक पुढं ढकलणार नाही. कोणता एक्सल ओढतो हे आपल्या मेकॅनिककडून आधीच विचारून घ्या आणि त्यावर रंगाची खूण करा. ताईंच्या दिरानं चाकाजवळ पांढरा पट्टा मारून ठेवलाय.

पाचवी गोष्ट, सराव. मावशींची अट होती ना, म्हणून एका रविवारी हळद वाळवायच्या खळ्यावर गाडी उभी केली आणि गट भोवती बसला. शिकवायला नांदेडहून एक वयस्क सरदारजी आले होते. त्यांनी आयुष्यभर पहाडात गाडी चालवली. तुम्हाला ठाऊक आहे, नांदेडला सचखंड गुरुद्वारा आहे, आणि आपल्या नरसीचे संत नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले होते. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तेव्हा सरदारजी आल्या आल्या म्हणाले, "नामदेवजी के गांव के लोग हो, सिखाऊंगा कैसे नहीं!" एक पैसा घेतला नाही. जेवायला मात्र थांबले, आणि ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढलं.

त्यांनी सांगितलेलं असं. साखळी आधी जमिनीवर सरळ पसरायची आणि पीळ काढायचा. आकड्यांची उघडी तोंडं टायरकडं नको, बाहेरच्या बाजूला पाहिजेत. नाहीतर ती टायरला बोचतात. मग साखळी टायरवर अंथरायची आणि गाडी हळूच थोडी पुढं घ्यायची. त्यासाठी एकानं गाडीत बसायचं आणि दुसऱ्यानं बाजूला उभं राहायचं. हाताचा इशारा आधी ठरवायचा. गाडी हलत असताना चाकाजवळ हात न्यायचा नाही. आधी आतली बाजू जोडायची, मग बाहेरची, मग ताणायचं. ब्रेकचा पाइप किंवा चिखलरोधक पत्रा आतून घासत नाही ना, ते बॅटरी लावून बघायचं. थोडं अंतर चालवून थांबायचं आणि पुन्हा ताणायचं, कारण फिरल्यावर साखळी बसते आणि ढिली होते. मागच्या वर्षी हेच राहिलं होतं.

पहिल्यांदा दोन्ही चाकांना घालायला सव्वा तास लागला. मालक आणि दीर घामाघूम. आम्ही बाया हसलो, खरं सांगायचं तर जरा जास्तच हसलो. दुसऱ्यांदा पाऊण तास. तिसऱ्यांदा पंचवीस मिनिटं. चौथ्यांदा सरदारजींनी दोघांना जाड हातमोजे घालून अंधार पडल्यावर करायला लावलं, कारण तिकडं ऊन आणि मोकळा हात मिळणार नाही. तेव्हा हसणं बंद झालं. गाडीवाल्या ताई खळ्याच्या कडेला उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या, "त्या रात्री उघड्या हातांनी काय केलं असल, ते मला आज कळलं."

साखळीसोबत आणखी काय घ्यायचं तेही लिहून घ्या. रबरी आवरण असलेले हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी, गुडघ्याखाली टाकायला जुनी ताडपत्री, चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे, एक फावडं, सुट्या कड्या आणि पक्कड. आठ हजारांत हे बसलं नाही. हातमोजे आणि बॅटरीचे पैसे गटातल्या बायांनी वर्गणीनं दिले. मावशींनी पन्नास दिले.

सहावी गोष्ट, साखळी काय करते आणि काय करत नाही. आपल्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर चपलेनं चाललं की घसरतं. अनवाणी पायाची बोटं रोवली की जरा टिकतं. साखळी चाकाला तशी बोटं देते. बर्फात ती रुतते. पण म्हणून गाडी पक्क्या रस्त्यासारखी थांबते असं नाही. घसरण उरतेच. उतारावर खालचा गिअर ठेवायचा, इंजिनाच्या जोरावर उतरायचं, ब्रेक जोरात दाबायचा नाही. पुढच्या चाकांना साखळी नसते, तेव्हा वळणावर स्टिअरिंग झटक्यानं फिरवायचं नाही. बहुतेक साखळ्यांची वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटरच्या आत असते. ती पाकिटावर लिहिलेली असते. ताईंचे मालक तीसच्या वर नेत नाहीत. आणि बर्फ संपून डांबर दिसलं की साखळी काढायची. कोरड्या रस्त्यावर ती स्वतः झिजते, टायर फाडते आणि रस्ताही उखडते.

पहाटे पुलावर आणि सावलीतल्या वळणावर विशेष जपायचं. पुलाला खालूनही गार हवा लागते, म्हणून तिथलं पाणी आधी गोठतं. वरून रस्ता नुसता ओला दिसतो आणि खाली काचेसारखा बर्फ असतो.

आता बोगदे झालेत हे खरं. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर २०१७ साली चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरांहून लांब बोगदा सुरू झाला. बनिहाल ते काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरांच्या आसपासचा बोगदा २०२१ पासून वापरात आहे. त्याआधी १९५६ चा जवाहर बोगदा होता, तो जास्त उंचावर. मनालीकडं अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला, त्यामुळं रोहतांगची खिंड टाळता येते. पण बोगद्याच्या आत बर्फ नसला तरी तोंडाशी असतो. रामबन ते बनिहालच्या पट्ट्यात दरडी कोसळतात, तिथं साखळीचा काही उपयोग नाही. तिथं उपयोग एकाच गोष्टीचा, थांबण्याचा.

मैत्रिणींनो, आमच्या मते या सगळ्यातली मुख्य गोष्ट हीच आहे.

साखळी घेतल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात ताईंच्या मालकांना पुन्हा श्रीनगरचा माल मिळाला. जाताना साखळी घातली, अर्ध्या तासात, व्यवस्थित पार झाले. येताना पुन्हा सफरचंद. रात्री साडेदहाला ताईंचा फोन आम्हाला आला. मालक बनिहालच्या अलीकडं उभे होते. बर्फ वाढत होता. साखळीवाल्या गाड्या सोडत होते. पुढं एक ट्रक आडवा झाल्याचं मागं कळलं होतं. व्यापारी फोनवर फोन करत होता: साखळी आहे ना, मग थांबलात कशाला? उशीर झाला तर भाडं कापू. मालकांचा जीव वर-खाली. त्यांनी ताईंना विचारलं, काय करू?

ताईंनी आम्हाला विचारलं, या महिन्याचा गटाचा हप्ता चुकला तर काय होईल?

खरं तर आम्ही एकट्यानं उत्तर देऊ शकत नव्हतो. गटाचे नियम आहेत. नियमित परतफेड हे पाच सूत्रांमधलं एक सूत्र आहे, आणि ते आम्हीच सगळ्यांना शिकवतो. आम्ही अध्यक्षांना उठवलं, सचिवांना उठवलं. मावशींनाही फोन लावला, कारण त्यांचा विरोध उद्या ऐकण्यापेक्षा आत्ताच ऐकलेला बरा. मावशी झोपेतून उठून म्हणाल्या, "हप्ता कुठं पळून जातो का? त्याला म्हणावं, बस तिथंच. सकाळी उजाडल्यावर बघ."

ताईंनी तेच सांगितलं. गाडी थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता साफ झाला आणि ते निघाले. दीड दिवस उशीर झाला. व्यापाऱ्यानं थोडं भाडं कापलंच. तो हप्ता पंधरा दिवस उशिरा आला, आणि पुढच्या बैठकीत तसा ठराव इतिवृत्तात लिहिला. दंड लावला नाही. बाकीचे हप्ते वेळेवर आले. दहा महिन्यांत कर्ज फिटलं.

तेव्हापासून आमच्या गटाचा नियम असा आहे. असं कर्ज देताना बैठकीतच विचारायचं: रस्त्यात थांबावं लागलं तर हप्ता किती दिवस पुढं ढकलायचा? उत्तर आधीच लिहून ठेवायचं. रात्री साडेदहाला फोन करून अध्यक्षांना उठवायची वेळ कुणावर येऊ नये. हप्त्याच्या भीतीनं माणूस बर्फात गाडी घालत असेल, तर त्या हप्त्यात गटाचाही वाटा आहे. घरच्या बाईनंही आपल्या माणसाला निघतानाच सांगावं, वाट बंद असेल तर थांबा, हप्त्याचं आम्ही बघतो. हे आधी सांगितलं तरच त्या वेळी त्याला ते आठवतं.

आणखी दोन कामं बायांनी घरून करायची आहेत. एक, हवामान बघायचं. पावसाळ्यात पिवळा, नारिंगी, लाल इशारा आपण बघतो; हिवाळ्यात तिकडच्या जिल्ह्यांसाठीही तसेच इशारे येतात. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर कोणत्या दिशेनं जड वाहनं सोडणार, हे तिथले वाहतूक पोलीस रोज जाहीर करतात. शाळेत जाणारी मुलगी मोबाइलवर एका मिनिटात बघून देते. आमच्या ताईंची मुलगी आठवीत आहे, ती बघते आणि बापाला सांगते. दोन, साखळी परत आली की ती धुवायची, वाळवायची, तेलाचा हात फिरवायचा आणि कोरड्या पोत्यात ठेवायची. तिकडं रस्त्यावर मीठ टाकलेलं असलं तर लोखंड लवकर गंजतं. पोत्यावर माप लिहायचं.

ताईंची साखळी आता चौथ्या हिवाळ्याला निघालीय. दोन कड्या बदलल्यात. गेल्या वर्षी गटातल्या दुसऱ्या गाडीवाल्या घरानं तशाच कर्जाचा अर्ज केला. आम्हाला वाटलं, पुन्हा वाद होणार. मावशींनी अर्ज हातात घेतला. वाचता येत नाही त्यांना, म्हणून सचिवांकडं देऊन विचारलं, "टायरचं माप लिवलंय का त्यात?"

लिहिलेलं नव्हतं. अर्ज परत केला. पुढच्या सोमवारी माप लिहून आला, आणि मंजूर झाला.

मैत्रिणींनो, तुमच्याही गटात असा चमत्कारिक वाटणारा अर्ज येईल. साखळीचा नसेल, दुसऱ्या कशाचा असेल. नाही म्हणण्याआधी अर्ज करणारीच्या घरी एकदा जाऊन या, आणि वहीत दोन्ही बाजू मांडा. दसरा जवळ आलाय. घरात लांबच्या गाडीवर कुणी असेल तर आज संध्याकाळीच टायरचा आकडा बघून ठेवा.

रामराम.